सिंग, सँग, संग

श्रोतेहो, नमस्कार.

'गो, वेन्ट, गॉन. सिंग, सँग, संग.' शाळेत आपण सगळ्यांनीच ही रूपं पाढ्यांसारखी घोकली आहेत. 'वॉकचं वॉक्ड होतं, मग सिंगचं सिंग्ड का नाही?' असं मी एकदा वर्गात विचारलं. उत्तर आलं, 'अपवाद आहे, पाठ कर.' पुढे जुनी इंग्रजी वाचायला लागलो तेव्हा कळलं, की वयानं 'सँग'ची रीत थोरली आणि 'वॉक्ड'ची धाकटी.

हजारेक वर्षांपूर्वी इंग्लंडातला माणूस 'मी गायलो' हे 'इच सँग' असं म्हणे, आणि 'आम्ही गायलो' हे 'वे सुंगोन'. धातूच्या पोटातला स्वर बदलला की काळही कळायचा आणि वचनही. अशी तीनशेच्या आसपास क्रियापदं होती आणि त्यांचे सात गण पाडता येतात. आता जरा संस्कृत आठवा. 'वेद' म्हणजे तो जाणतो, 'विद्म' म्हणजे आम्ही जाणतो. जुन्या इंग्रजीत तो जाणतो 'वात', आम्ही जाणतो 'वितोन'. एकवचनात स्वर भरदार, अनेकवचनात आखूड. घराणं एकच! या दोन जोड्या मी पहिल्यांदा शेजारी शेजारी लिहिल्या, तेव्हा कितीतरी वेळ त्या कागदाकडे नुसता पाहत बसलो होतो.

मग हे सगळं विस्कटलं कसं? इंग्रजी शब्दाचा जोर सुरुवातीच्या अक्षरावर, त्यामुळे शेवटचे प्रत्यय आधीच पुसट होत चालले होते. त्यात 865 साली डॅनिश लोकांचं मोठं सैन्य उतरलं आणि त्यातले पुष्कळ जण उत्तरेत आणि पूर्वेत शेती करून राहिले. त्यांची भाषा इंग्रजीची चुलत बहीणच, धातू बरेचसे सारखे, प्रत्यय मात्र वेगळे. बांधावरच्या शेजाऱ्याशी बोलताना धातू कळला की काम भागत असणार, प्रत्ययांवाचून अडत नसणार. अनेक अभ्यासक असं मानतात आणि मलाही ते पटतं. 'ही सिंग्ज' मधला शेवटचा 'स' उत्तरेतलाच. दहाव्या शतकात आल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूनं उत्तरेतल्या लिंडिसफार्न मठाच्या लॅटिन शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, ओळींच्या मधल्या जागेत इंग्रजी अर्थ लिहिला, त्यात हा 'स' दिसतो. दक्षिणेत तेव्हा 'सिंगेथ'सारखी रूपं होती, आणि 1611 च्या बायबलातही तीच आहेत.

1066 नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांची फ्रेंच आली. तिच्यातून पुढे ढिगानं क्रियापदं आली आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांनी 'एड' हाच सोपा प्रत्यय घेतला. हळूहळू जुनीही त्याच वाटेनं गेली. 'हेल्प'चं जुनं रूप 'होल्पन' 1611 च्या बायबलात अजून भेटतं. आज आपण 'हेल्प्ड' म्हणतो. रोज तोंडात असलेली क्रियापदं तेवढी तगली, कारण मुलं ती कानानंच शिकत होती.

'वेन्ट'ची तर वेगळीच कथा. तो 'गो'चा नव्हेच, 'वळणे' या अर्थाच्या 'वेन्ड'चा भूतकाळ. 'गो'नं तो उचलला आणि आपलं जुनं रूप टाकून दिलं. आपल्याकडेही 'जाणे' आणि 'गेला' दोन वेगळ्या धातूंचे आहेत, 'या' आणि 'गम्'. मराठी मूल ते न घोकताच बोलतं.

आणि ते 'सुंगोन'? वचनाचा भेद मिटला. 'आय सँग' तसं 'वी सँग'. 'सुंगोन' आणि 'गायलेलं' या अर्थाचं रूप, दोन्हींत 'उ' होता. तो आता 'संग' या तिसऱ्या रूपातच उरलाय. भूतकाळातलं एकवचन-अनेकवचन आजच्या इंग्रजीत एकाच क्रियापदानं जपलं आहे. 'आय वॉज, वी वेअर.' घरात कुणी मूल हे पाठ करत असेल, तर त्याच्या शेजारी बसून 'इच सँग, वे सुंगोन' एकदा मोठ्यानं म्हणून दाखवा.

नमस्कार.