शुगर फ्री आहे, आणखी दोन घ्या!

नमस्कार श्रोतेहो. नागपुरात पाहुण्यापुढे संत्रा बर्फी येतेच. घरात कोणी शुगरवालं असेल तर हल्ली शेजारी 'शुगर फ्री'चा डबाही उघडतो. "यात साखर नाही आबा, घ्या न आणखी दोन!" मला या 'आणखी दोन'ची काळजी वाटते.

लोक मात्र घाबरतात ते चहात साखरेऐवजी टाकायच्या गोड गोळीला. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला, म्हणजे अशा काही गोळ्यांत आणि डाएट पेयांत असणाऱ्या गोड पदार्थाला, 'कर्करोगाची शक्यता असू शकते' अशा यादीत टाकलं. पुरावा तोकडा होता, पण व्हॉट्सअ‍ॅपला तेवढं पुरलं. त्याच वेळी अन्नातले घटक तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने रोज किती चालेल याची जुनी मर्यादा कायम ठेवली, ती बातमी कोणी पुढे पाठवली नाही. मर्यादा आहे वजनाच्या दर किलोला रोज 40 मिलिग्रॅम. डाएट कोल्ड्रिंकच्या एका कॅनमध्ये 200 ते 300 मिलिग्रॅम धरलं, तर 70 किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला 9 ते 14 कॅनच्या वर प्यावे लागतील. चहातल्या एक-दोन गोळ्यांनी तिथवर पोचणं होत नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम टाळायलाच हवं.

आता बर्फी. साखर काढली तरी खवा तिथेच आहे. त्यात तूप आहे, दुधातली साखर आहे. बिस्किटात मैदा असतो. काही मिठायांत साखरेऐवजी माल्टिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. त्याने रक्तातली साखर थोडी चढतेच, आणि जास्त खाल्लं तर पोट गुडगुडतं, जुलाब लागतात. म्हणून डब्याच्या पुढच्या मोठ्या अक्षरांपेक्षा मागची बारीक अक्षरं वाचा.

मधुमेह नाही, फक्त वजन उतरवायचंय? मग जागतिक आरोग्य संघटनेचा मे 2023 चा सल्ला ऐका: त्यासाठी साखरेऐवजी वापरायच्या या गोड पदार्थांच्या भरवशावर राहू नका, दूरवर फायदा दिसत नाही. हा सल्ला मधुमेहींसाठी नव्हता. त्यांना साखरेच्या जागी गोळी चालते. पण गोडाची सवयच कमी झाली तर दोघांचंही भलं. चहात साखर हळूहळू कमी करत गेलं की महिना-दोन महिन्यांत जीभ रुळते.

आणि हे नीट ऐका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधं घेणाऱ्याला अचानक घाम सुटला, हात थरथरले, तर आपल्याकडे मे महिन्यात "ऊन लागलं असेल" म्हणून कांद्याचा रस शोधतात. आधी साखर तपासा. 70 च्या खाली असेल, किंवा तपासायला यंत्र नसेल, तर तीन चमचे खरी साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अशा वेळी गोळीचा चहा किंवा डाएट पेय काडीच्याही कामाचं नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.