खरेदीदाराचा बिल्ला

[दृश्य: बंद दालनाबाहेरची रांग. गळ्यातले बिल्ले, खांद्यावरच्या रिकाम्या कापडी पिशव्या.]

दार उघडायला अजून अर्धा तास आहे. रांगेतल्या प्रत्येकाच्या बिल्ल्यावर नाव, दुकानाचं नाव आणि एक शब्द आहे: खरेदीदार. स्वतंत्र पुस्तकविक्रेता व्यावसायिक परिषदेला नवी पुस्तकं बघायला जातो, असा समज असतो. पण नवी पुस्तकं प्रकाशकांच्या याद्यांमध्येही दिसतात. इथे यायचं ते अटी बदलून घ्यायला.

मात्र परिषद आपल्या कामाची आहे का, ते आधी बघावं लागतं. जर्मनीतला फ्रँकफर्टचा पुस्तकमेळा सध्याच्या रूपात 1949 पासून भरतो. त्याचं नाव मोठं, पण तिथला मुख्य सौदा हक्कांचा: भाषांतराचे, पुनर्प्रकाशनाचे. चार कपाटांच्या दुकानाला त्यातून फारसं काही मिळत नाही. अमेरिकेतल्या पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेनं 2006 मध्ये सुरू केलेली हिवाळी परिषद याच्या अगदी उलट आहे. ती विक्रेत्यांसाठीच भरते. निमंत्रणपत्रिका हाती आली की पहिल्यांदा एवढंच शोधायचं: प्रकाशकांचे विक्री प्रतिनिधी येणार आहेत, की फक्त हक्क विभागाची माणसं?

[दृश्य: टेबलावर दोन कागद.]

तयारीनं आलेल्या मालकाकडे दोन कागद असतात. पहिल्यावर गेल्या 12 महिन्यांचा हिशेब, प्रकाशकवार: किती प्रती घेतल्या, किती खपल्या, किती परत गेल्या. दुसऱ्यावर अडकलेली येणी: बिल क्रमांक, तारीख, कमी आलेल्या प्रती, कणा मोडून आलेल्या प्रती, अजून न मिळालेल्या क्रेडिट नोटा, म्हणजे खात्यात रक्कम जमा केल्याच्या पावत्या. हा दुसरा कागद भेटीच्या सुरुवातीलाच पुढे सरकवायचा. प्रतिनिधीला नवं पुस्तक दाखवायचं असतं, म्हणून त्या पाच मिनिटांत तो जुनं प्रकरण मिटवायला राजी असतो. ऑर्डर लिहून झाल्यावर तीच तक्रार काढली, तर उत्तर मिळतं, ‘ऑफिसला कळवतो.’

मग अटी. सूट किती, एवढं विचारून बरेच जण थांबतात. विचारायच्या गोष्टी पाच: सूट, वाहतूक खर्च कोणाचा, उधारी किती दिवसांची, न खपलेला माल परत घेणार का आणि किती महिन्यांपर्यंत, शिवाय फुटक्या मालाची भरपाई कशी. या पाचही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात. कशा, ते एका पुस्तकावर बघू.

[दृश्य: पाटीवर आकडे उमटत जातात.]

छापील किंमत 100. सूट 40 टक्के, माल परतीच्या बोलीवर. 10 प्रतींचे झाले 600. वाहतूक प्रतीमागे 3, म्हणजे आणखी 30. सहा प्रती खपल्या, हातात आले 600. उरलेल्या चार परत पाठवल्या, त्यांचे 240 जमा झाले, पाठवणीला 12 गेले. दुकानाला उरले 198. म्हणजे विक्रीवर 33 टक्के. ऐकताना चाळीस होते.

आता शेजारचा स्टॉल म्हणतो, 50 टक्के घ्या, पण माल परत नाही. 10 प्रतींना वाहतुकीसह 530 गेले. सहा खपल्या तर हातात फक्त 70, आणि चार प्रती कपाटात धूळ खात. आठ खपल्या तरी परतीचाच सौदा जरा पुढे: तिथे 284, इथे 270. नववी प्रत खपली की मगच पारडं फिरतं: तिथे 327, इथे 370. म्हणून न परतीची वाढीव सूट अशाच पुस्तकांवर घ्यावी, जी वर्षानुवर्षं हमखास खपतात. नव्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकावर ती घेणं हा जुगार आहे. पहिल्या कागदावर खपाचा आकडा नसेल, तर कोणतं पुस्तक कोणत्या बोलीवर घ्यायचं हे तिथे उभ्यानं सांगता येत नाही.

अमेरिकी प्रकाशकांनी पुस्तकं परत घ्यायला सुरुवात केली ती 1930 च्या दशकातल्या मंदीत, दुकानदारांनी माल घ्यावा म्हणून. तेव्हापासून परतीची मुदत हा खरेदीचाच भाग आहे. ती कधी संपते, ही तारीख ऑर्डरच्या कागदावरच लिहून घ्यायची. मुदत टळल्यावर गेलेला गठ्ठा तसाच माघारी येतो, आणि दोन्ही वेळचं भाडं दुकानाच्या माथी पडतं.

[दृश्य: मागच्या मुखपृष्ठावरचा बारकोड, अगदी जवळून.]

ऑर्डर नावानं लिहू नये, आयएसबीएननं, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकानं लिहावी. 1 जानेवारी 2007 पासून हा क्रमांक 13 अंकी आहे, आणि पुठ्ठाबांधणीचा वेगळा, साध्या बांधणीचा वेगळा असतो. नाव लिहिलं की नेमकी महाग आवृत्ती येते. हातानं उतरवताना एक अंक चुकला तर शेवटचा तपासणी अंक ती चूक पकडतो. पण शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले आणि त्यांच्यात नेमका 5 चा फरक असला, 1 आणि 6, 2 आणि 7, तर चूक बेमालूम निसटते. त्यापेक्षा बारकोडचा फोटो काढणं बरं.

दालनाच्या मागच्या टोकाला प्रकाशकांकडे न खपता उरलेल्या साठ्याचे विक्रेते बसतात. भाव मोहात पाडणारे, माल खोक्यानं, परतीचं नाव नाही. पानांच्या खालच्या कडेला मार्करची रेघ किंवा ठिपका दिसेल. ती खूण असलेली प्रत पूर्ण किमतीच्या मालात मिसळून प्रकाशकाकडे परत करता येऊ नये, यासाठी ती असते. खोक्यात एकच पुस्तक आहे की मिसळ, ते उघडून पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. चाळीस प्रती एकाच पाककृतींच्या पुस्तकाच्या निघाल्या, तर स्वस्ताई कसली?

आणि त्या फुकट पिशव्या. प्रकाशनाआधीच्या वाचनप्रती ढिगानं वाटल्या जातात. त्या विकायच्या नसतात, आणि त्यांतला मजकूर अंतिम नसल्यानं त्यातली वाक्यं जाहिरातीत वापरायचीही नसतात. तीनशे पानी प्रत साधारण 300 ते 400 ग्रॅम भरते. पंचवीस घेतल्या की आठ-दहा किलोंचं ओझं. पुस्तक बाजारात येण्याआधी कोण वाचून सांगणार, त्या सहकाऱ्याचं नाव पहिल्या पानावर जागच्या जागी लिहायचं. नाव सुचलं नाही तर प्रत तिथेच ठेवून द्यायची.

[दृश्य: संध्याकाळ. रिकामे होत चाललेले स्टॉल.]

परिषदेची खास सवलत आजच संपते, असं सुचवलं जातं. बहुतेक वेळा ती आणखी काही दिवस चालू असते. शेवटची तारीख विचारायची आणि सही खोलीवर जाऊन, सगळ्या ऑर्डरींची बेरीज केल्यावर. आठ प्रकाशकांना एकाच दिवशी होकार दिला आणि सगळ्यांची उधारी 30 दिवसांची असली, तर आठही बिलं एकाच आठवड्यात दारात येतात आणि पुस्तकं तेव्हा अजून अर्धीही खपलेली नसतात. प्रत्येक ऑर्डरवर माल पाठवायची तारीख वेगळी टाकावी, आणि कोणत्या तारखेनंतर आलेला माल घेणार नाही तेही.

परतल्यावर दोन दिवसांच्या आत प्रत्येक प्रतिनिधीला चार ओळींची ईमेल जायला हवी: ठरलेली सूट, उधारीचे दिवस, परतीची मुदत, वाहतूक कोणाकडे. कारण तोंडी कबूल केलेली सूट हिशेब विभागाच्या संगणकात आपोआप चढत नाही.

[दृश्य: दुकानात पहिलं खोकं फोडलं जातं. वरच बिलाचा कागद.]

प्रती मोजायच्या आधी बिलावरचा सवलतीचा रकाना बघायचा. तिथे जुनाच टक्का छापलेला असेल, तर त्या ईमेलची प्रत जोडून बिल त्याच दिवशी परत पाठवायचं.