इंजिनासाठी आखलेली वाट: स्कारबरो ते व्हिटबी

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर स्कारबरो आणि व्हिटबी ही दोन गावं आहेत. त्यांना जोडणारी सुमारे ३४ किलोमीटरची वाट म्हणजे ‘सिंडर ट्रॅक’. १८८५ ते १९६५ अशी ऐंशी वर्षं इथून रेल्वे धावली. आता चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार जातात. रूळ गेले, पण वाटेचा स्वभाव रेल्वेचाच राहिला. दम कुठे लागणार, चिखल कुठे असणार, वाट कुठे तुटणार, हे बरंचसं त्या जुन्या आखणीतच ठरलेलं आहे.

आधी चढाचं बघू. मार्गाचा माथा रेव्हनस्कार गावात, समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटरवर. त्याच्या दोन्ही अंगांना चढ आहे. उत्तरेकडून, म्हणजे रॉबिन हूड्स बे या किनाऱ्यावरच्या गावाच्या बाजूने, तो ३९ फुटांना १ फूट असा चढतो. रेल्वेच्या हिशोबात हा फारच खडा चढ. रूळ ओले असले की इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरत. सायकलला हा जेमतेम अडीच टक्के, डांबरी रस्त्यावर लक्षातही येणार नाही. इथे मात्र खाली सैल खडी असते आणि चढ मैलोगणिक सुटत नाही. सुरुवातीला सोपं वाटतं म्हणून जड गिअरवर जोर काढणारे निम्म्यात थकतात. पहिल्यापासून हलका गिअर ठेवा, पायांची लय मोडू देऊ नका.

दिशा कोणती धरावी? माझं मत स्पष्ट आहे: स्कारबरोहून निघा. रेव्हनस्कारपर्यंत साधारण १७ किलोमीटर, तिथून रॉबिन हूड्स बे ८, पुढे व्हिटबी आणखी दहाएक.  माथा ओलांडला की उतारभर रॉबिन हूड्स बेचा कमानदार उपसागर डोळ्यांसमोर राहतो. उलट दिशेने आलात तर तोच देखावा पाठीमागे पडतो. या ८ किलोमीटरसाठी वेळ राखून ठेवा. एकच टप्पा चालायचा असेल तर हाच निवडा.

आता पायाखालची जमीन. एरवी रुळांखाली फोडलेल्या दगडाची खडी घालतात. इथे इंजिनात जळून उरलेल्या कोळशाचा खरखरीत चुरा वापरला होता. त्यालाच इंग्रजीत सिंडर म्हणतात, नाव तिथून आलं. या चुऱ्यातून पाणी चटकन झिरपतं, पण बारीक कण पावसाने वाहून जातात आणि दगड वर येतात. काही टप्पे नव्याने बांधून काढलेत, काही अजून खडबडीत आहेत. भरावावर वाट सहसा कोरडी असते. कटिंगमध्ये, म्हणजे टेकडी कापून काढलेल्या भागात, मात्र कडेच्या चाऱ्या पालापाचोळ्याने बुजल्या की पाणी थेट वाटेवर येतं, वर झाडांची सावली, त्यामुळे चिखल लवकर वाळत नाही. झाडांची मुळंही वाट उचलतात. म्हणून टायर किमान ४० मिलिमीटर रुंद घ्या, हवा थोडी कमी ठेवा, मडगार्ड काढू नका. अरुंद, गुळगुळीत टायर उतारावर ब्रेक दाबताच घसरतो. घोडा पुढे असेल तर लांबूनच आवाज द्या आणि वेग अगदी कमी करा. मागून अचानक आलेल्या सायकलीला तो बिचकतो.

रेव्हनस्कारला हमखास चुकायला होतं. जुना फलाट तिथे अजून आहे, पण त्याच्यापुढचा बोगदा वापरात नाही. गावातल्या रस्त्याने नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या केंद्रापर्यंत या आणि तिथून खाली उतरणारी वाट धरा. सुरुवातीचा भाग दगडी आहे, सायकल हातात धरून उतरलात तरी चालेल. आसपास थोडं बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे पर्यटनाचं नवं शहर वसवायचा घाट घातला होता. रस्ते आखले, गटारं घातली, घरं मात्र मोजकीच उभी राहिली. गवतात हरवणारे ते रुंद रस्ते आजही दिसतात. रॉबिन हूड्स बेलाही वाट सलग नाही. गावातून पाट्या बघत पुढचा तुकडा गाठावा लागतो.

शेवटी लार्पूलचा पूल. एस्क नदीवर विटांच्या १३ कमानी, उंची १२० फूट, सुमारे पन्नास लाख विटा. वाट थेट त्याच्यावरून जाते आणि डावी-उजवीकडे नदीचं खोरं उघडतं. वर वारा जोराचा असतो, सायकल घट्ट धरा.

परतीचा बेत निघण्याआधीच पक्का करा. व्हिटबीहून आज रेल्वे आहे ती मिडल्सबरोकडे जाते, स्कारबरोला नाही, आणि दिवसाला गाड्या थोड्याच. दोन गावांमध्ये बस आहे, चालणाऱ्यांची सोय तिने होते. पण तिच्यात सायकल घेतील असं धरून चालू नका. सायकलवाल्यांनी एक तर रॉबिन हूड्स बेहूनच मागे फिरावं, नाहीतर व्हिटबीत मुक्काम करावा. चालणाऱ्यांपैकी कुणाला रॉबिन हूड्स बेहून वाळूवरून परतायचं असेल, तर भरती-ओहोटीची वेळ आधी पाहावी. भरतीला पाणी कड्याच्या पायथ्यापर्यंत येतं.