नाण्यावर लिहिलं 'सगळीकडे शांतता', आणि साम्राज्याचे झाले होते तीन तुकडे

नमस्कार मंडळी! आधी स्क्रीनवरचं हे नाणं नीट बघा. सोन्याचं आहे, रोमन सम्राट गॅलिएनसचं, आणि मागे लॅटिनमध्ये लिहिलंय 'उबिके पाक्स', म्हणजे सगळीकडे शांतता. आता तेव्हाची परिस्थिती ऐका. इ.स. २६० मध्ये याच्या वडिलांना, सम्राट व्हॅलेरियनला, इराणचा राजा शापूर याने जिवंत पकडून नेलं, तिकडे पोस्टुमस या रोमन सेनापतीने गॉल (म्हणजे आजच्या फ्रान्सचा भाग), ब्रिटन, स्पेन घेऊन वेगळं राज्य थाटलं आणि पूर्वेकडचा सगळा भार सीरियातल्या पाल्मायरा शहराच्या ओडेनॅथसवर. मला हे नाणं बघून खरंच वाईट वाटतं.

या काळात चांदीच्या नाण्याची तर पार वाट लागली, शेवटी शेवटी त्यात चांदी पाच टक्केसुद्धा उरली नाही, वरून नुसता मुलामा. पण सोन्याचं काय झालं, ते मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. सोन्यात भेसळ त्या मानाने फारच कमी झाली, घोळ झाला तो वजनात. पहिला सम्राट ऑगस्टसच्या वेळी एक रोमन पाउंड सोन्यातून ४० ऑरियस, म्हणजे सोन्याची नाणी, पाडायचे, एक साधारण ८ ग्रॅमचा. पुढे सम्राट कॅराकॅलाने ५० पाडले, साडेसहा ग्रॅम. इथपर्यंत ठीक आहे, नाणं हलकं झालं पण हिशोब होता. गॅलिएनसच्या काळात हिशोबच राहिला नाही! एक नाणं दोन ग्रॅमच्या आसपास, दुसरं चार, तिसरं त्याहून जड, आणि सगळ्यांवर चेहरा तोच.

मग असं नाणं मोजून घेणार कसं? तोलूनच घ्यावं लागणार ना. म्हणजे बाजारात चालणारं चलन कमी आणि बक्षीस जास्त. सैन्य खूश ठेवायला सम्राट सोनं वाटायचे, कारण सैन्य फिरलं की सम्राट गेला, इतकं सरळ होतं ते. गॅलिएनस स्वतः २६८ मध्ये मिलानच्या वेढ्यात आपल्याच अधिकाऱ्यांच्या कटात मारला गेला. त्या शतकातली बरीच सोन्याची नाणी भोक पाडलेली सापडतात, आपल्याकडे पुतळ्यांची माळ असते ना, तशी गळ्यात घालायला.

वजनाची शिस्त पुढे सम्राट डायोक्लेशनने परत आणली, पाउंडाला ६० नाणी, आणि मग सम्राट कॉन्स्टंटाइनचा सॉलिडस, हेही सोन्याचंच नाणं, आला, पाउंडाला ७२, साडेचार ग्रॅम. तो मात्र बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, टांकसाळीत थेट अकराव्या शतकापर्यंत जवळपास त्याच वजनाने पडत राहिला.