शिरोरेखा नसलेली वही

(दृश्य: बडोदा, दांडिया बाजार. जुना वाडा, लाकडी जिना, सकाळ.)

माझ्या पणजीला शाळेत घातलं ते दंडाच्या धाकानं. तिचे वडील डभोईला सरकारी कारकून. मुलगे शिकत होतेच. मुलगी काय, उद्या चूलच सांभाळणार, असा त्यांचा हिशोब. पण 1906 साली बडोदा संस्थानानं प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा. पोर घरी ठेवलं तर आईबापांना दंड. सरकारचा पगार खायचा आणि सरकारलाच दंड भरायचा? बघता बघता पणजी शाळेत.

(दृश्य: कीर्तिमंदिर, मग सुरसागर तलाव.)

ज्यांनी हा कायदा केला, त्या महाराज सयाजीराव गायकवाडांना स्वतःला बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नव्हती. मालेगावजवळच्या कवळाण्यात 11 मार्च 1863 ला जन्मलेला काशीरावांचा गोपाळ. नातं गायकवाडांच्या गादीशी, पण घर शेतकऱ्याचं. 1875 मध्ये इंग्रजांनी बडोद्याचे राजे मल्हारराव यांना पदच्युत केलं आणि त्यांच्या आधीचे राजे खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाई दत्तक शोधू लागल्या. काशीराव मुलांना घेऊन बडोद्याला आले. ‘मी राज्य करायला आलोय’ असं गोपाळ म्हणाला, ही गोष्ट इथं लहानथोरांना पाठ आहे. म्हणालाही असेल. मला मात्र त्यानंतरचं चित्र जास्त दिसतं: 27 मेला दत्तकविधान, नाव सयाजीराव, आई नवी, आणि बारा वर्षांच्या त्या मुलासमोर मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, सगळं एकदम.

कवळाण्यानं त्यांना काय दिलं? कष्टांची जाण, मातीची ओढ, असं सगळे सांगतात. असेलही. पण मायेचं घरसुद्धा पोराला शाळेत धाडतंच असं नाही, हे त्यांना स्वतःच्या घरावरून कळलं असणार. ते सुटले, कारण दत्तक गेले. बाकीच्या पोरांना कुठल्या जमनाबाई भेटणार होत्या? 1893 मध्ये त्यांनी अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सक्ती करून पाहिली, आणि तेरा वर्षांनी ती संस्थानभर लागू केली. पोराचं शिक्षण घरच्यांच्या मर्जीवर सोडायचं नाही, हे घराबाहेर काढल्या गेलेल्या मुलानं ठरवलं.

(दृश्य: फडताळातून निघणारी कापडी बांधणीची वही.)

पणजी लग्न होऊन या वाड्यात आली ती चार इयत्ता शिकून. ही तिची खर्चाची वही. डभोईच्या शाळेत शिकवायचे गुजरातीत, त्यामुळे भाषा मराठी आणि अक्षरं गुजराती. दूध, रॉकेल, ‘धाकट्याची फी’. कोथिंबीर मात्र सगळीकडे ‘कोथमीर’च. गुजराती लिपीला शिरोरेखा नसते. शब्द उघड्या डोक्यानं ओळीत बसलेले.

आजी तिच्या मांडीवर बसून लिहायला शिकली. आजीनं माझ्या आईचा हात धरून गिरवून घेतलं. मराठीच्या बाईंनी माझ्या वहीत लाल शाईनं लिहिलं होतं, ‘शिरोरेखा द्यावी.’

घाईत असले की मी अजून देत नाही.