गंधरेणू रिसेप्टरला जागं करतो तेव्हा

(दृश्य: श्वास घेणारी नाकपुडी, अगदी जवळून)

वास येतो, म्हणजे त्या वस्तूचा काही अंश खरोखरच आपल्या नाकात शिरलेला असतो. दृश्य किंवा आवाज दूरवरून पोहोचतो, पण वस्तू असते तिथेच राहते. वासाच्या बाबतीत मात्र वस्तूच थोडीथोडी हवेत उडते आणि श्वासाबरोबर आत येते. म्हणून ज्या पदार्थांच्या रेणूंना हवेत उडता येतं त्यांनाच वास असतो, आणि असे रेणू बहुतेक वेळा 300 डाल्टनपेक्षा हलके असतात (एक डाल्टन म्हणजे साधारण हायड्रोजनच्या एका अणूचं वजन).

नाकपुडीतून बरंच वर, डोळ्यांच्या पातळीला, नाकाच्या पोकळीच्या छताशी लाखो चेतापेशी दाटीवाटीने बसलेल्या आहेत. प्रत्येकीचे बारीक तंतू एका ओल्या, बुळबुळीत थरात पसरलेले. गंधरेणूला आधी या थरात उतरावं लागतं. मग तंतूंवरच्या रिसेप्टरशी त्याची गाठ पडते.

(दृश्य: पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार गेलेली प्रथिनाची साखळी)

हे रिसेप्टर म्हणजे रेणू ओळखून पेशीला खबर देणारी प्रथिनं. त्यांच्या जनुकांचा छडा लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी 1991 मध्ये लावला, आणि 2004 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. उंदरांमध्ये या जनुकांचे हजाराच्या आसपास प्रकार निघाले. माणसात चालू स्थितीत असलेली साधारण 400 आहेत. एका चेतापेशीत त्यातला बहुधा एकच प्रकार काम करतो, बाकीचे गप्प असतात. हा नियम लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

जनुकं सापडली, तरी रेणू आत नेमका कसा बसतो हे पाहायला आणखी तीन दशकं गेली. ही प्रथिनं फार हट्टी. प्रयोगशाळेत दुसऱ्या पेशींकडून बनवून घ्यायला गेलं, की त्यांची घडी नीट बसत नाही आणि ती पेशीच्या पटलापर्यंत येतच नाहीत. शेवटी संशोधकांनी ओआर51ई2 हा रिसेप्टर निवडला. तो नाकाबाहेरही, आतड्यात आणि प्रोस्टेट ग्रंथीत सापडतो, आणि इतरांच्या मानाने बनवायला सोपा आहे. 2023 मध्ये आशिष मांगलिक आणि हिरोआकी मात्सुनामी यांच्या गटांनी क्रायो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याचं इलेक्ट्रॉनांनी चित्र घेणाऱ्या यंत्राने, त्याची रचना उलगडली. माणसाच्या गंध रिसेप्टरच्या आत बसलेला गंधरेणू पहिल्यांदाच असा दिसला.

(दृश्य: रिसेप्टरच्या आतला कप्पा. चित्र सावकाश फिरत राहतं)

इथे जरा थांबून नीट पाहायला हवं. आत आहे प्रोपिओनेट, म्हणजे आखूड शेपटीचं मेदाम्ल, तीन कार्बनांचा इवलासा रेणू, आंबूस उग्र वासाचा. त्याच्या एका टोकावर ऋण भार आहे. समोर रिसेप्टरच्या साखळीतलं आर्जिनिन हे अमिनो आम्ल, त्याच्यावर धन भार. दोघं एकमेकांना घट्ट धरतात. रेणूचं दुसरं टोक पाण्यापासून दूर राहणाऱ्या अमिनो आम्लांना टेकून बसतं. आणि बाहेरच्या बाजूला लोंबणारा साखळीचा एक वेढा आत वळून कप्पा बंद करतो.

कप्पा एवढा तोकडा आहे, की लांब शेपटीचं मेदाम्ल त्यात मावत नाही. संशोधकांनी आतली अमिनो आम्लं बदलून तिथे जास्त जागा करून दिली, तेव्हा तोच रिसेप्टर लांब मेदाम्लांनाही प्रतिसाद देऊ लागला. इतका स्वच्छ पुरावा विज्ञानात वारंवार मिळत नाही. अर्थात सगळेच रिसेप्टर एवढे चोखंदळ नाहीत. कित्येकांची पकड ढिली असते आणि ते वेगवेगळ्या ठेवणीचे रेणू चालवून घेतात.

(दृश्य: पेशीची आतली बाजू)

रेणू बसला की रिसेप्टरचा आकार किंचित बदलतो. एवढं पुरतं. आतल्या बाजूचं ‘जी प्रथिन’ नावाचं निरोप्या प्रथिन सुटं होतं, ते एका एन्झाइमला कामाला लावतं, आणि ते एन्झाइम चक्रीय एएमपी या पेशीत निरोप पोहोचवणाऱ्या पदार्थाचे भराभर रेणू तयार करतं. त्यांच्यामुळे पटलातली दारं उघडतात, सोडियम आणि कॅल्शियम आत येतात. पुढची गोष्ट मला विलक्षण वाटते. कॅल्शियम आणखी एक दार उघडतं, क्लोराइडचं. प्रौढ मेंदूतल्या बहुतेक चेतापेशींत क्लोराइड आत शिरून पेशीला शांत करतं. गंधपेशीने मात्र ते आधीच आत साठवून ठेवलेलं असतं. त्यामुळे इथे ते बाहेर पडतं आणि संदेशाला जोर चढवतं. त्याच कॅल्शियममुळे थोड्या वेळाने पहिली दारं मंदावतात. एखादा वास काही वेळाने जाणवेनासा होतो, त्याची सुरुवात इथे होते.

(दृश्य: घ्राणकंदाकडे जाणारे चेतातंतू)

संदेश कपाळामागच्या घ्राणकंदात, म्हणजे मेंदूच्या वास हाताळणाऱ्या भागात, पोहोचतो. आता तो मघाचा नियम. एकाच प्रकारचा रिसेप्टर असलेल्या पेशी नाकात विखुरलेल्या असल्या, तरी त्यांचे तंतू इथे येऊन मोजक्याच गुच्छांत मिळतात. एक गंधरेणू अनेक रिसेप्टरांना कमीजास्त चेतवतो, आणि एक रिसेप्टर अनेक रेणूंना ओळखतो. त्यामुळे कोणते गुच्छ किती पेटले, या जुळणीतून मेंदू वास ठरवतो. बक यांच्या गटाने 1999 मध्ये हे दाखवून दिलं.

रेणूत जरासा फरक पडला तरी ही जुळणी बदलू शकते. कार्व्होनची दोन रूपं घ्या. अणू तेच, जोडणीही तीच, फक्त एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. एकाला पुदिन्याचा वास, दुसऱ्याला शहाजिऱ्याचा. रिसेप्टरच्या कप्प्यालाही डावंउजवं असतं, म्हणून हे दोन रेणू त्याला सारखे वाटत नाहीत.

(दृश्य: तीन माणसं, एकच बाटली हुंगताना)

आणि कधी रेणू तोच असतो, बदललेला असतो तो रिसेप्टर. घामात सापडणारा अँड्रोस्टेनोन कुणाला लघवीसारखा घाण वाटतो, कुणाला गोडसर, तर कुणाला त्याचा वासच येत नाही. 2007 मध्ये यामागचं एक कारण ओआर7डी4 या रिसेप्टरमध्ये सापडलं. लोकांमध्ये सर्रास आढळणाऱ्या त्याच्या दोन रूपांत फक्त दोन अमिनो आम्लांचा फरक आहे, साखळीतल्या 88व्या आणि 133व्या जागी. एक रूप या रेणूला जोरदार प्रतिसाद देतं, दुसरं जवळजवळ देतच नाही.