गोचीड कुत्र्यावर थोडी, भिंतीत फार

[दृश्य : कुत्र्याच्या कानाची पाळी हलकेच उलटणारी बोटं]

कानाच्या आत, पंजाच्या बोटांच्या बेचक्यात, काखेत, गळपट्ट्याखाली. गोचीड शोधायची ती इथे. एरंडाच्या बीसारखी टम्म फुगलेली, राखाडी दिसते ती रक्त प्यायलेली मादी. आठवडाभरात पोट भरलं की ती आपोआप गळून पडते, भेगेत शिरते, तिथे हजारोंनी अंडी घालते आणि मरते.

[दृश्य : फरशीचे सांधे, दाराची चौकट, छताचा कोपरा]

कुत्र्यांवरची ही तपकिरी गोचीड जन्मात तीनदा अंगावर चढते : सहा पायांचं पिलू असताना, कात टाकून आठ पायांची झाल्यावर, आणि शेवटी प्रौढ म्हणून. प्रत्येक वेळी काही दिवस रक्त पिऊन खाली उतरते. बाकीचं सगळं आयुष्य फटींमध्ये. त्यामुळे नुसतं कुत्र्याला औषध लावून गोचीड संपत नाही. वनस्पतींचा अर्क खरा कामाला येतो तो भिंतीवर.

[दृश्य : सावलीत पसरलेल्या निंबोळ्या]

त्यासाठी कडुनिंबाचा पाला नको, निंबोळी घ्या. अझाडिरॅक्टिन हा कडुनिंबातला कीड रोखणारा द्रव्यांश बियांमध्ये पानांपेक्षा कितीतरी जास्त असतो. पावसाळ्याच्या तोंडाला झाडाखाली पडलेल्या पिवळ्या निंबोळ्या वेचायच्या, गर धुऊन काढायचा आणि बिया सावलीत वाळवायच्या. बुरशी आलेल्या बिया टाकून द्या. वर्षभर पडून राहिलेल्या बियांचा जोर ओसरलेला असतो.

शेतकऱ्यांना ठाऊक असलेला पाच टक्के अर्कच इथे चालतो. ५० ग्रॅम बिया जाडसर कुटा, १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी ढवळून फडक्यातून दोनदा गाळा. गाळण्यात आळस केला की पंपाचं तोंड तुंबतं. भिंतीवर फवारायच्या अर्कात १ ते २ ग्रॅम साबण विरघळवा, म्हणजे अर्क फटीत नीट पसरतो. त्याच दिवशी वापरा, आणि संध्याकाळी. उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होतं. गोचीड भिंतीवर वरपर्यंत चढते, म्हणून छताचे कोपरे सोडू नका. कुत्र्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवा.

बहुतेक जण दुसऱ्या दिवशी जिवंत गोचीड बघून हा उपाय सोडून देतात. अर्क तिला जागेवर मारत नाही. अंडी घालणं, ती उबणं, कात टाकणं, यांत तो अडथळा आणतो. म्हणून दर आठवड्याला फवारा, आणि हे किमान दोन महिने चालू ठेवा.

[दृश्य : चिमट्याने ओढलेली गोचीड साबणाच्या पाण्यात पडते]

अंगावरची गोचीड चिमट्याने, कातडीला अगदी लागून धरून, सरळ ओढायची. पिरगाळू नका, बोटांनी चिरडू नका. रॉकेल आणि पेटती काडी तर नकोच. कुत्रं भाजतं.

अर्क कुत्र्याच्या अंगाला लावायचाच असेल तर साबण न घातलेला घ्या, तेवढंच पाणी मिसळा. आधी रुपयाएवढ्या जागेवर लावून एक दिवस थांबा. लाली किंवा खाज नसेल तरच अर्कात भिजवलेल्या फडक्याने अंग पुसा. डोळे, तोंड, जखमा टाळा. पिल्लू, गाभण किंवा आजारी कुत्र्याला लावू नका. खोबरेल तेलात कालवलं तर कुत्रं ते चवीने चाटतं आणि मग ओकतं. वाळेपर्यंत गळ्यात चाटरोधक शंकू ठेवा.

गाईम्हशींसाठी सांगितलेला लसूण, घाणेरी, वेखंडाचा काढा कुत्र्यावर आणू नका. गाय अंग चाटते, पण कुत्रं जास्त चाटतं, आणि लसणाने त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. सीताफळाच्या बियांची पूड गोचीड मारते हे खरं. पण तिचा कण डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, कुत्र्याच्याही आणि लावणाऱ्याच्याही. टी-ट्री तेल अंगावर चोळलेली कुत्री लडखडतात. तंबाखूचं पाणी तर विषच.

[दृश्य : फिकट पडलेल्या हिरड्या]

कुत्र्याने खाणं सोडलं, ताप आला, हिरड्या फिकट पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद झाली, तर अर्क बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा. गोचीड एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्तात वाढणारे रोगजंतू शरीरात सोडते. त्यांचं निदान रक्त तपासून होतं आणि त्यांवर निंबोळीचा काहीही उपयोग नाही. अंगावर गोचीड दिसली होती हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.